नळाला पाणी आलं तेव्हा बेस लोडेड होते

ऑक्टोबरात टोरोंटो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथला रात्री आठचा खेळ जुळे सोलापुरात आमच्या घरी पहाटे साडेपाचला सुरू होतो. आईला वाटायचं, पोरगी सुधारली, लवकर उठायला लागली.

ब्लू जेज या तिथल्या बेसबॉल संघाचं वेड २०२२चं. मी तिकडे शिकत होते आणि काही मंगळवारी त्यांच्या रॉजर्स सेंटर स्टेडियममध्ये एका डॉलरला हॉटडॉग मिळायचा. खेळ कळत नव्हता, भूक कळत होती. त्याच ऑक्टोबरात सगळ्यात वरच्या, स्वस्त रांगेत बसून त्यांना सिॲटल मरिनर्सविरुद्ध ८-१ आघाडी घालवून १०-९ने हरताना बघितलं. झेलामागे धावताना आपलेच स्प्रिंगर आणि बिशेट एकमेकांवर आदळले, स्प्रिंगरला गाडीवरून बाहेर न्यावं लागलं. त्या रात्री मेट्रोत कुणी कुणाशी बोललं नाही. मी त्या डब्यातली झाले ती झालेच.

म्हणून २०२५मध्ये लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्याच मरिनर्सविरुद्ध, निर्णायक सातव्या सामन्यात, ३-१ने मागे असताना त्याच स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन (आपल्या षटकारासारखा) मारला तेव्हा मी काय ओरडले ते विचारू नका. आई रांगोळी टाकून आत धावत आली. १९९३नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम फेरी! मी पेढे आणायला निघाले तर अप्पा म्हणाले, "कुणाला वाटणार बे?" (सोलापुरात 'बे'ला लिंग नसतं.) खरंच, कुणाला?

अप्पांचा टॉवेलचा कारखाना आहे, खेळाशी संबंध क्रिकेटपुरता. वर्ल्ड सिरीजमधला डॉजर्सविरुद्धचा तिसरा सामना नऊऐवजी अठरा इनिंग्ज चालला. ते सकाळी कारखान्यावर गेले, दुपारी जेवायला आले, तेव्हा त्यांच्या फ्रीमनच्या होमरनने नुकतंच सगळं संपलं होतं आणि मी ऑफिसची मीटिंग म्यूट करून डोकं धरून बसले होते. "ड्रॉ का देत नाहीत?" ड्रॉ नसतोच म्हटल्यावर ते कडक भाकरी मोडत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरांना पाणी तरी देतात का?"

सातवा सामना आपल्या २ नोव्हेंबरला, कार्तिकी एकादशी. शाबूच्या खिचडीचा वास, फोन शेंगाचटणीच्या बरणीला टेकवलेला, शेजारी अप्पा पेपर वाचत. बिशेटने तीन धावा मिळवून दिल्या होत्या. नवव्या इनिंगमध्ये आपण ४-३ने पुढे, दोन आउट काढायचे बाकी, आणि त्यांच्या रोहास नावाच्या, नवव्या नंबरला खेळणाऱ्या माणसाने होमरन मारून बरोबरी केली. तरी आपली बॅटिंग उरली होती. बेस लोडेड, म्हणजे तिन्ही बेसवर आपली पोरं, एक आउट, त्यातलं एक 'होम'ला पोचून धाव आली की चषक.

"पाणी आलंऽऽ!"

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ते आलं की वर्ल्ड सिरीज काय, लग्नाचा मुहूर्तसुद्धा थांबतो. फोन अप्पांकडे सोपवून मी मोटर लावली, पाइप घेऊन गच्चीवर पळाले. खाली आले तर दहावी इनिंग. "काय झालं?" "काही नाही. गेले दोघं."

अकराव्यात डॉजर्सच्या स्मिथचा होमरन, मग आपल्या कर्कची बॅट मोडली आणि डबल प्ले, एका फटक्यात दोघं आउट. ५-४ने हरलो. आई म्हणाली, खिचडी गार होतीय.

त्याच रात्री हरमनप्रीतच्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकला. बारा वाजून गेले तरी गल्लीत फटाके, उरलेली दिवाळी सगळी त्या रात्री संपली. मीही नाचले, खोटं कशाला बोलू. सांगलीची स्मृती आपलीच की.

वर आले तर अप्पा अजून जागे, टीव्ही बंद.

"ते तिसऱ्या बेसवरचं पोरगं," ते म्हणाले, "बेसला एवढं चिकटून का उभं होतं बे? दोन पावलं पुढं असतं तर पोचलं असतं घरी."