कुरडयांच्या पैशातून केरळ

आमच्या घरात पाच माणसं. मी, नवरा, नववीतला मुलगा, दुसरीतली मुलगी आणि सासूबाई. नवरा अंबडच्या एमआयडीसीत कामाला, मी घरी. नाशिकच्या सिडकोत आमचं रो-हाऊस आहे, त्यामुळे भाडं नाही, पण हप्ता आहे. पगार वीस तारखेपर्यंत आपसूक पुरतो, पुढचे दहा दिवस तो पुरवावा लागतो. तर अशा घराने केरळला जायचं ठरवलं. एजंटकडे पॅकेजची चौकशी केली तेव्हा त्याने पाच जणांचा जो आकडा सांगितला, तो ऐकून नवरा "बघतो, कळवतो" म्हणाला आणि आम्ही उसाचा रस पिऊन घरी आलो.

मग वहीत आपला हिशेब मांडला. गाडीचं जाणं-येणं, थर्ड एसीने. सहा रात्री, दोन खोल्या. टॅक्सी, जेवणखाण, तिकिटं, किरकोळ. कितीही ओढूनताणून बसवलं तरी ऐंशी हजार. गाडीच्या भाड्यात दोन ठिकाणी वाचेल असं वाटलं होतं. एक म्हणजे सासूबाईंचं तिकीट. बायकांना अठ्ठावन्नच्या पुढे निम्मं भाडं असायचं, पण ती सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. दुसरं मुलीचं. पाच ते बारा वयाच्या मुलाला अर्धं तिकीट मिळतं खरं, पण मग बर्थ मिळत नाही. बर्थ हवा तर पूर्ण भाडं. एका रात्रीची गोष्ट असती तर तिला कुशीत घेतलं असतं. नाशिकरोड ते एर्नाकुलम म्हणजे कोकण रेल्वेचा अख्खा रस्ता आणि वर केरळ. पाच पूर्ण तिकिटं धरली.

काटकसरीने ऐंशी हजार जमतील असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या घरी येऊन महिनाभर किराणा भरून दाखवावा. आम्ही रविवारचं हॉटेल बंद केलं, एक ओटीटी बंद केलं, मुलाचा वाढदिवस घरच्या पावभाजीवर झाला. त्यातून जे वाचलं ते कुठे गेलं हे आजही सांगता येणार नाही. कारण ते वाचलेले पैसे त्याच खात्यात होते आणि त्याच खात्यातून गॅस, दूध, शाळेची बस. घरखर्चात मिसळलेला पैसा परत वेगळा काढता येत नाही.

म्हणून एक केलं. माझं लग्नाआधीचं एक बँक खातं माहेरी, ओझरला पडून होतं. केवायसी करून ते जिवंत केलं, त्याचं एटीएम कार्ड सासूबाईंच्या कपाटात ठेवलं आणि त्याच खात्याचा क्यूआर कोड काढून घेतला. ट्रिपचा प्रत्येक रुपया तिथे. नवऱ्याच्या पगारातून दरमहा दीड हजारांची आवर्ती ठेवही त्याच खात्याला जोडली, बारा महिन्यांची. मुदत संपल्यावर व्याजाचे साधारण सहाशे मिळाले. व्याज काही फार नाही. पण मोडायला बँकेत जावं लागतं, आणि तेवढ्या कंटाळ्याने ती टिकते.

भिशीही होतीच. आमच्या लेनमधल्या बारा जणींची, महिना दोन हजार, जानेवारीला सुरू. आमची चिठ्ठीची भिशी, लिलावाची नाही. लिलावात ज्याला घाई तो कमी पैसे घेऊन आधी उचलतो आणि उरलेली रक्कम बाकीच्यांत वाटली जाते. त्यात गरजवंताचंच नुकसान होतं, म्हणून मला ती आवडत नाही. चिठ्ठीत जेव्हा नाव निघेल तेव्हा पूर्ण चोवीस हजार. मला ते ऑगस्टमध्येच हवे होते, कारण रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवसांवर आलंय. दिवाळीनंतर निघायचं तर ऑगस्टच्या शेवटी तिकिटांचे पैसे हातात पाहिजेत. माझी चिठ्ठी निघाली मार्चला. मुलीचं लग्न असलेली एक ताई ऑगस्टला होती, तिला मार्च हवाच होता. अदलाबदल झाली, दोघी खूश. मार्चमध्ये पैसे हातात आले असते तर ते ऑगस्टपर्यंत राहिले नसते, हे मला लिहून द्यायला हरकत नाही. ऑगस्टला उचलले तरी पुढचे चार हप्ते भरायचे राहतात, त्यातले दोन ट्रिपहून आल्यावर. बिनव्याजी कर्जच ते, फक्त त्याला कर्ज म्हणायचं नाही.

हे दोन्ही मिळून साडेबेचाळीस हजार. उरलेल्याचं काय, यावर सासूबाई म्हणाल्या, "गच्ची आहे ना आपल्याकडे."

त्यांचा मुद्दा खरा होता. नाशकात, पुण्यात, ठाण्यात आता फ्लॅटवाल्यांकडे ऊन राहिलं नाही. वाळवण सगळ्यांना हवं असतं, पण ते घालायचं कुठे? आणि सासूबाईंच्या हातच्या कुरडया आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात मागून नेतात. फुकट. त्या वर्षी विकायच्या ठरल्या.

ज्यांनी कुरडई फक्त तळलेली पाहिलीय त्यांच्यासाठी सांगते. लोकवन गहू निवडून भिजत घालायचे, तीन दिवस. रोज पाणी बदलायचं. एक दिवस चुकलं तर वास लेनच्या टोकापर्यंत जातो. चौथ्या दिवशी गहू धुऊन वाटायचे, पाण्यात कालवून पिळायचे, गाळायचे. चोथा बाजूला, सासूबाई तोही टाकत नाहीत, भुसवड्या घालतात. गाळलेलं दूध रात्रभर झाकून ठेवायचं. पहाटे वरचं पिवळट पाणी अलगद ओतून टाकलं की तळाशी घट्ट पांढरा चीक. मग मापाने पाणी उकळायचं, मीठ, हिंग, आणि एकीने चीक ओतायचा, दुसरीने लाकडी दांड्याने घाटत राहायचं. हात थांबला की गाठी. दहा किलो गव्हाचा चीक घाटणं हे एकटीचं काम नाही, दंड भरून येतात. चीक पारदर्शक झाला, चमकायला लागला की उतरवायचा आणि गरम असतानाच सोऱ्याने गच्चीवरच्या कापडावर कुरडया घालायच्या. गार झाला की सोऱ्या फिरत नाही. म्हणजे सूर्य डोक्यावर यायच्या आत सगळं उरकलं पाहिजे, आणि नंतर तोच सूर्य दोन-तीन दिवस कडक हवा. मुलं मात्र सकाळी वाट्या घेऊन जिन्यात बसलेली असायची, गरम चीक आणि वर तेल. नफ्यातली पहिली घट तिथेच.

दर ठरवताना आमच्या दोघींचं बरंच बोलणं झालं. दहा किलो गव्हाला आमच्याकडे पाच किलोच्या आसपास कुरडई उतरते. गहू चारशे, गॅस-मीठ-हिंग मिळून एकशेऐंशी, मदतीला दोन बायका चारशे रुपये रोजाने आठशे, पिशव्या आणि खोके एकशेवीस. झाले पंधराशे. किलोला तीनशे रुपये नुसता खर्च. मी म्हटलं, साडेतीनशेला देऊ. सासूबाई वही बघत म्हणाल्या, "आणि माझी मजुरी? बाहेरून आलेल्या बाईला चारशे, घरातली फुकट होय?"

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. पन्नास वर्षं त्या कुरडया घालताहेत, कुणी कधी त्यांचा रोज धरला नव्हता. त्यांचे तीनशे धरले, माझे तीनशे धरले आणि दर लावला चारशेऐंशी. त्यांचे तीनशे रोखीने त्यांच्या हातात जायचे, त्याच संध्याकाळी. ते पैसे ट्रिपच्या खात्यात टाका असं मी एकदाही म्हटलं नाही.

दर ऐकून नातेवाइकांचे चेहरे पडले. एका मावससासूबाईंनी फोनवर "बाजारात तीनशेला मिळते गं" म्हणून ऐकवलं. मिळते. त्या कुरडईत मैदा असतो की आणखी काही, ते तळल्यावर कळतं. मी त्यांना अर्धा किलो भेट म्हणून पाठवली आणि विकत मात्र चारशेऐंशीलाच दिली. ज्यांच्याशी ओळख नव्हती त्यांनी घासाघीस केलीच नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला, ठाण्याच्या नणंदेने तिच्या सोसायटीत फिरवला, आणि उन्हाळ्यात भारतात आलेल्या दोन कुटुंबांनी परत जाताना बॅगेत भरून नेल्या. शेजारच्या काकांनी अन्नपरवान्याची आठवण केली. लहान घरगुती उद्योगाला परवाना नाही, एफएसएसएआयची नुसती नोंदणी लागते. मी भरली तेव्हा फी वर्षाला शंभर रुपये होती, अर्ज ऑनलाइन. नोंदणी क्रमांक पिशवीवर आला आणि एका दुकानदाराने न मागता नागलीचे पापड ठेवून घेतले.

नागलीचे पापड, बटाट्याचे वेफर्स, साबुदाण्याच्या चकल्या, सगळं केलं. खरं सांगायचं तर पैसे त्यातच जास्त सुटले, कारण त्यात वेळ कमी जातो. कुरडई ही नाव काढण्यासाठी. गिऱ्हाईक कुरडईसाठी यायचं आणि जाताना वेफर्स घेऊन जायचं.

एप्रिलमध्ये अवकाळीने एकदा गाठलंच. दुपारी तीनला आभाळ भरलं आणि वीस मिनिटांत गारा. कापडं गुंडाळून खाली आणली, पंख्याखाली पसरली, पण अर्धओली कुरडई पंख्याने वाळत नाही, आंबते. तो सगळा माल शेजारच्या गोठ्यात गेला. गाईंनी आवडीने खाल्ला म्हणे.

मे संपता संपता खात्यात वाळवणाचे बावीस हजार होते. नवऱ्याने काही रविवार ओव्हरटाइम केला. कायद्याप्रमाणे ओव्हरटाइमला दुप्पट दर मिळतो, त्यामुळे आकडा दिसायला छान दिसतो. पण रविवारी घरी नसलेला माणूस सोमवारी कसा वागतो हेही त्यात धरायला हवं. अकरा हजार झाल्यावर मीच पुरे म्हटलं. एकूण पंच्याहत्तर हजारांच्या वर. चार-साडेचार हजार कमी पडत होते. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतेस का, असं तिघी-चौघींनी विचारलं. फराळात पैसा चांगला आहे, पण निघायच्या आदल्या आठवड्यात चकल्या तळून गाडीत बसायची माझी तयारी नव्हती. बोनस येणार होता, पण तो घराच्या हप्त्यासाठी आधीच बोलून ठेवलेला.

म्हणून खर्चाच्या बाजूने कापलं, आणि तिथे केरळ सरकारने मदत केली. एर्नाकुलमहून मुन्नारला राज्य परिवहनच्या बसने गेलो, टॅक्सी फक्त मुन्नारमध्ये फिरायला. हाऊसबोटीचा एका रात्रीचा दर आमच्या दोन दिवसांच्या मुक्कामाएवढा होता, ती सोडली. त्याऐवजी अलप्पुळाहून कोट्टायमला जाणारी जलवाहतूक खात्याची प्रवासी बोट धरली. अडीच तासांच्या आसपासचा प्रवास, तिकीट आपल्याकडच्या चहा-वड्याच्या किमतीत. तेच बॅकवॉटर, तीच नारळाची रांग, शिवाय गावातली माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन चढतात-उतरतात, शाळेची पोरं दप्तरं टाकून खिडकीशी बसतात. पाण्याच्या कडेला घर, घराच्या पायरीवर भांडी घासणारी बाई, सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हिला वाळवण घालायला जागा कुठेय?" कोचीतही वॉटर मेट्रोने फिरलो. एप्रिल २०२३ पासून सुरू झालीय, एसी आहे, आणि मुलीच्या मते अख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात भारी गोष्ट तीच.

भाऊबीज झाल्यावर निघालो म्हणजे ऑक्टोबरची अखेर. त्या दिवसांत तिकडे परतीचा पाऊस असतो, दुपारनंतर हमखास. त्यामुळे खोल्या डिसेंबरपेक्षा स्वस्त मिळाल्या, मालकाने फोनवर थोडं कमीही केलं. मुन्नारजवळच्या इरविकुलम राष्ट्रीय उद्यानात सकाळी लवकर गेलो म्हणून नीलगिरी ताहर, म्हणजे तिथल्या रानबकऱ्या, दिसल्या, अगदी रस्त्याच्या कडेला चरत. खाली उतरलो तोवर सगळं धुक्यात गेलेलं. तिथला जाडा लाल तांदूळ सासूबाईंना काही रुचला नाही. त्यांनी बरोबर आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिसऱ्या दिवसापर्यंत पुरवली, पुढे अप्पमवर जमवून घेतलं. त्यांच्या मजुरीच्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी सोनेरी काठाची कसवू साडी घेतली आणि दोघा नातवंडांना आइस्क्रीम. माझ्यासाठी वेलची घेतली, भाव करून.

घरी येऊन वही मिटवली तर खात्यात बाराशे शिल्लक होते आणि भिशीचे हप्ते बाकी. खातं बंद केलेलं नाही. जानेवारीतच ठाण्याच्या सोसायटीतून यंदाची मागणी आली, गेल्या वर्षीपेक्षा जास्त. सासूबाईंनी यंदासाठी दोन अटी घातल्यात: घाटायला तिसरी बाई लावायची, आणि दर पाचशेवीस. मुलाने राजस्थान म्हटलंय. नवरा गुगलवर गाड्या बघतोय. मी आधी गव्हाचा भाव बघतेय.