तरण्या पावसातली अळंबी

गेल्या जुलैत, तरणा पाऊस लागला तेव्हा, मामांच्या गावी दोन दिवस राहून आलो. गाव बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पलीकडं, कणकुंबीच्या वाटेवर. शनिवार-रविवार टाळा, चोर्ल्याचे धबधबे बघायला निघालेल्यांची जत्रा असते. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी खिशात हवीच.

आम्ही फिरलो ते मामांच्या स्वतःच्या रानात. जवळच भीमगड अभयारण्य आहे, 2011 पासूनचं. तिथून अळंबी आणायची नाही. हद्द कुठं लागते ते गावात आधी विचारा.

गोठ्यामागच्या गवतात मला लगेच ताटलीएवढी पांढरी छत्री दिसली. देठाला कडं, टोपीवर तपकिरी खपल्या. खुशीत उपटली.

"टाक ती," मामा म्हणाले. "तिचं घर कुठं हाय?"

घर म्हणजे वारूळ. वाळवी आत पालापाचोळा चघळून त्यावर बुरशी पिकवते आणि पावसात तीच अळंबी होऊन वर येते. बांधावरच्या वारुळाला मामांनी आधी काठी आपटली (आत नाग असू शकतो, हात घालू नका), मग खुरप्यानं एका देठालगतची माती सावकाश उकरली. देठ दोरीसारखा बारीक होत वीतभर खाली गेला. टोकाला स्पंजासारखा तपकिरी गोळा, त्यावर वाळवीची पळापळ. टोपीच्या मधोमध बोंडासारखं टोक, खालच्या पाती पांढऱ्या, बुडाशी पिशवीसारखं वेष्टण नाही. नुसतं लांब मूळ बघून भुलू नका, दुसऱ्याही काही छत्र्यांना ते असतं. ते वाळवीच्या घरापर्यंत पोचलं पाहिजे. त्या झुबक्यातली बाकीची आम्ही मातीलगत कापली आणि खड्डा बुजवला.

लसूण काळा पडला तर विषारी, किड्यानं खाल्लेली चांगली, हे सगळं झूट. बुडाशी पिशवी असलेल्या काही छत्र्यांचं विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब सहा-बारा तासांनी सुरू होतात, मध्ये एखादा दिवस बरं वाटतं आणि तोवर यकृत गेलेलं असतं. म्हणून बरं वाटलं तरी दवाखाना गाठायचा, उरलेली अळंबी सोबत न्यायची. आणि पहिल्यांदा जाणाऱ्यानं जाणत्याशिवाय जाऊच नये.

प्लॅस्टिकच्या पिशवीत अळंबीचा लगदा होतो, टोपलीत पानं घालून आणा आणि त्याच दिवशी शिजवा. मामींनी सुक्या खोबऱ्याचा रस्सा केला, सोबत तांदळाची भाकरी. मटण विसरलो.

फेकलेली ती छत्री मात्र मी गुपचूप उचलून आणली होती. देठ काढून पडवीत पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली, वर करवंटी झाकली. शेजारी वारुळावरची एक, तशीच. सकाळी कागदावर बीजाणूंचे, म्हणजे छत्रीतून झडलेल्या भुकटीचे ठसे: वारुळावरचीचा फिका गुलाबी आणि गोठ्यामागचीचा शेवाळासारखा हिरवा. मोठ्या कौतुकानं मामांना दाखवला.

"कागद चुलीत घाल," ते म्हणाले, "आणि हात धू."