आमची वाटचाल : टायरॉड, सुतळी आणि दोन टायर

कराडात आमचं गॅरेज सुरू झालं तेव्हा पत्र्याची शेड, एक जॅक, गाडी टेकवायच्या दोन घोड्या आणि मामांच्या हाताखाली शिकलेला मी, एवढंच भांडवल होतं. मामा जीपवाले. जीपच्या टायरॉडला, म्हणजे स्टिअरिंगच्या इशाऱ्यावर चाक वळवणाऱ्या दांडीला, ग्रीस भरायचं निपल असायचं. गन लावली, जुनं काळं ग्रीस बाहेर आलं की झालं. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चा टायरॉड एंड, म्हणजे त्या दांडीच्या टोकाचा जॉइंट, मात्र सीलबंद. रबरी बूट फाटून आत पाणी-माती गेली की जॉइंट संपला, नवाच टाकायचा. मामा म्हणायचे, "ही गाडी मिस्त्रीला उपाशी मारणार." झालं उलटंच.

कारण कुंभार्ली घाट. पावसाळ्यात चिपळूणहून वर आलेली गाडी दारात थांबली की गिऱ्हाईक म्हणणार, "पुढनं खडखड येतंय, बघा जरा." चाक उचलायचं, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवायचं. तिथे खेळ लागला आणि बारा-सहाला नाही, तर बहुतेक टायरॉडच.

सुरुवातीला मी आटे मोजून काम करायचो. जुना एंड जितक्या फेऱ्यांत निघाला, तितक्याच फेऱ्यांत नवा चढवायचा, तो जागी धरणारा चेकनट आवळायचा आणि मग सुतळी लावून चाकं सरळ आहेत का बघायची. एकदा दुकान भरलेलं होतं, सुतळी राहिली. गाडी एका शिक्षकांची. दीड महिन्याने सर परत आले. ओरडले नाहीत, माझा हात धरून टायरच्या आतल्या कडेवर फिरवला. करवतीचे दाते! नवा एंड जुन्यापेक्षा किंचित वेगळ्या मापाचा असला, तर आटे जुळूनही टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल, बिघडतो, हे मला माहीत होतं. तरी गाडी सोडली होती. दोन्ही टायर माझ्या खिशातून गेले. हिने वहीत ती रक्कम "शिकवणी" या नावाने टाकली, अजून तशीच आहे.

पुढे कर्ज काढून अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचा कल जुळवायचं, मशीन घेतलं. हप्ते फेडताना दोन दिवाळ्या कोरड्या गेल्या. पण तेव्हापासून टायरॉड बदललेली गाडी अलाइनमेंटशिवाय आमच्या दारातून बाहेर पडत नाही. "पैसे वाचवा की ओ" म्हणणाऱ्यालाही नाही.

पोरांना मी पहिल्यांदा हातोडा शिकवतो. नट चार आटे ठेवून ढिला करायचा आणि घाव घालायचा तो नकलच्या, म्हणजे एंड ज्यात बसतो त्या चाकामागच्या लोखंडाच्या, डोळ्यावर, बाजूने. एंडच्या बोल्टवर मारत बसलं की आटे चेपतात, डोळ्यात रुतलेला निमुळता भाग, टेपर, जागचा हलत नाही. हल्ली एंड ओढून काढायला पुलर आहे, तरी गंजलेल्या गाडीला हातोडाच लागतो. दुसरं, नट सुटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन. जुनी परत घालायची नाही. भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळायचा, मागे फिरवायचा नाही. हे विसरलेल्या एका पोराला मी दिवसभर नुसतं पाने पुसायला बसवलं होतं. आज त्याचं स्वतःचं गॅरेज आहे मलकापुरात, आणि तोही पोरांना पाने पुसायला बसवतो म्हणे.

आता दोन लिफ्ट आहेत, कामाला चौघं. काढलेला एंड गिऱ्हाईकाच्या हातात देतो, स्वतः हलवून बघा म्हणतो. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मात्र कोकणात जाणाऱ्यांची रांग असते, तेव्हा आदल्या दिवशी फोन करूनच या.