आयरिश क्लबातला रविवारचा रोस्ट

आमच्या भागातल्या आयरिश क्लबाने आपलं किचन बाहेरच्या एका माणसाला चालवायला दिलंय आणि रविवारचा रोस्ट, म्हणजे भाजलेलं मांस, बटाटे, भाज्या आणि ग्रेव्ही असं दुपारचं जेवण, बंद केलाय, तेव्हापासून ऑफिसात जो तो मला म्हणतोय की मग आता तुझी चंगळ आहे, कारण नवीन किचनवाला पंजाबी आहे. काय बोलणार. बर्मिंगहॅममध्ये पंजाबी जेवण पैशाला पासरी मिळतं, त्यासाठी मला आयरिश क्लबात जायची गरजच नव्हती. तसला रोस्ट मात्र फक्त तिथेच होता आणि त्याच्याबद्दल मला जरा सविस्तर रडायचंय.

मला तिथे पहिल्यांदा नेलं आमच्या शेजारच्या आजोबांनी. मूळचे मेयोचे, म्हणजे आयर्लंडच्या पश्चिमेकडची काउंटी, साठच्या दशकात पोरवयात बोटीने इकडे आले आणि आयुष्यभर रस्त्यांवर काँक्रीट ओतलं. स्पगेटी जंक्शनवरून, म्हणजे बर्मिंगहॅममधल्या उड्डाणपुलांच्या त्या प्रसिद्ध गुंत्यावरून, गाडी गेली की हमखास सांगणार की तो बघ, तो खांब आमच्या गँगचा. जंक्शन सुरू झालं १९७२ मध्ये, तेव्हा हे ऐन विशीत, त्यामुळे हिशोब बसतो, फक्त खांब दर वेळी वेगळा असतो पण ते जाऊ दे. क्लब म्हणजे पब नव्हे हे त्यांनी मला दारातच ऐकवलं. मेंबर्स क्लबाला मालक नसतो, मेंबरच मालक, नफा झाला तर क्लबाचाच, आणि बाहेरच्याला आत यायचं तर मेंबरने वहीत सही करून पाहुणा म्हणून न्यायचं. मेंबर व्हायचं म्हटलं तरी आज अर्ज दिला आणि आज बसलो असं चालत नाही, मध्ये निदान दोन दिवस जावे लागतात, कायदाच तसा आहे. आजोबांनी वहीत माझं आडनाव लिहिलं ते बघून मी स्पेलिंग सांगायला लागलो तर म्हणाले, राहू दे रे, कमिटी वाचत नाही.

जागा दिसायला काही खास नाही हे आधीच सांगतो. पुढे बार, मागे मोठा हॉल, हॉलमध्ये स्टेज आणि स्टेजला चमचमणारा पडदा जो अर्धा गळालाय, भिंतीवर काउंट्यांचे झेंडे, हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) टीमचे जुने फोटो, आणि हिरवं नक्षीचं कार्पेट जे चालताना बुटाला किंचित चिकटतं. छताला अजून पिवळट झाक आहे. इंग्लंडमध्ये आत बसून सिगरेट ओढायला बंदी आली २००७ च्या जुलैत, म्हणजे तो रंग त्याच्याही आधीचा, आणि त्यानंतर कोणी ब्रश फिरवलेला नाही हे उघड आहे.

पण रविवारी दुपारी तो हॉल भरायचा. कार्व्हरी असायची, म्हणजे मांस समोरच कापून वाढायचं, ट्रे घेऊन लाइनीत उभं राहायचं, पलीकडे किचनवाल्या बाई, आयर्लंडमधल्या रॉसकॉमन काउंटीच्या, सत्तरीच्या आसपास, हातात लांब सुरी, आणि प्रश्न एकच, बीफ, टर्की की हॅम. बटाटे तीन प्रकारचे, ओव्हनमध्ये भाजलेले, कुस्करलेले आणि नुसते उकडलेले, आणि तिन्ही घ्यायचेच, एखादा नको म्हटलं तर बाई विचारायच्या की बरं नाहीये का तुला. कुस्करलेला बटाटा आइस्क्रीमच्या स्कूपने यायचा, दोन गोळे, वर खड्डा करून त्यात ग्रेव्ही. भाजलेल्या बटाट्याचं गुपित मी एकदा विचारून घेतलं, आधी उकडायचे, मग पाणी काढून पातेलं झाकण लावून जोरात खडखडवायचं म्हणजे कडा खरबरीत होतात, आणि मग आधीच तापवलेल्या बीफच्या चरबीत टाकायचे, थंड चरबीत टाकलेस तर तुझं तू निस्तर. वर गाजर, पार्सनिप (गाजरासारखं पांढरं कंद), कोबी, यॉर्कशायर पुडिंग (गोड नव्हे, पिठाचं फुगलेलं, आणि खरं तर इंग्लिश, पण त्यावर तिथे कोणी वाद घालत नाही). जेवणं होत आली की बाई स्वतः पातेलं घेऊन टेबलाटेबलाला फिरायच्या आणि पंगतीत आग्रह करावा तसा प्रत्येकाच्या ताटात अजून एक बटाटा टाकायच्या. हे सगळं नऊ पौंडात, पेन्शनरांना त्याहून कमी.

कधीतरी मेनूत बेकन अँड कॅबेज असायचं, त्या दिवशी आजोबा टाय लावून यायचे. हे बेकन म्हणजे ब्रेकफास्टच्या पट्ट्या नव्हेत, अख्खा खारवलेला तुकडा उकडायचा, त्याच पाण्यात कोबी शिजवायचा, आणि वरून पार्सलीचा पांढरा सॉस. दिसायला अगदीच फिकं, पण खाल्ल्यावर कळतं. अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांनी त्यात बेकनच्या जागी कॉर्न्ड बीफ, म्हणजे खारवलेलं गोमांस, घातलं आणि आता जग त्यालाच आयरिश जेवण समजतं, हा विषय आजोबांसमोर काढू नका, अर्धा तास जातो.

बायको शाकाहारी. तिला घेऊन गेलो तेव्हा मला वाटलं होतं ही बिचारी चिप्स खाऊन येणार. तर बाईंनी लाइनीतून तिला बाजूला बोलावलं आणि सरळ सांगितलं, कोबी घेऊ नकोस, तो बेकनच्या पाण्यातला आहे, भाजलेले बटाटे पण नाही, गाजरं चालतील, उकडलेला आणि कुस्करलेला बटाटा चालेल, ग्रेव्ही मी तुला वेगळी करते. आणि खरंच मागे जाऊन कांदा परतून ग्रेव्ही केली, लाइन खोळंबली तरी कोणी हूं की चूं केलं नाही. पुढच्या रविवारपासून तेलातल्या बटाट्यांचा एक छोटा ट्रे वेगळा निघायला लागला. इकडच्या भारी भारी रेस्टॉरंटमध्ये व्हेजिटेरियन म्हटल्यावर मशरूमचं कायतरी आणून आपटतात, त्यापुढे हे मला फार मोठं वाटलं.

हे क्लब का झाले ते आजोबांकडूनच तुकड्यातुकड्यात कळलं. १९५० च्या दशकात आयर्लंडमधून साधारण ४ लाख माणसं बाहेर पडली, देशाची लोकसंख्याच तेव्हा ३० लाखांच्या आत. बरीचशी इंग्लंडात आली, बांधकामावर, कारखान्यात, पोरी नर्सिंगला. राहायला लॉजिंगची खोली, किचन वापरायची परवानगी नाही, रविवारी घरमालकीण दुपारी बाहेर काढायची, मग जायचं कुठे? चर्च, आणि मग क्लब. लग्नं तिथेच जमली, आजोबांचंही. मग १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, २१ माणसं गेली, ठपका आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेवर आला, आणि त्यानंतर इथल्या आयरिश माणसाला बसमध्ये तोंड उघडायची चोरी झाली, उच्चार ऐकून लोक वळून बघायचे. सेंट पॅट्रिक्स डेची (१७ मार्चचा आयरिश सण) मिरवणूक बंद पडली ती १९९६ पर्यंत. त्या काळात मोठ्याने बोलायची जागा म्हणजे हा हॉल. हे सांगताना आजोबा जास्त बोलत नाहीत, मीही खोदत नाही.

आता पडझड. सगळे म्हणतात लोक म्हातारे झाले, मुलं उपनगरात गेली, कोविड आला, विजेची बिलं आली. खरंय सगळं. २० मार्च २०२० ला सगळे पब बंद करायचा हुकूम निघाला तो सेंट पॅट्रिक्स डे नंतर तीनच दिवसांनी, म्हणजे वर्षाची मोठी कमाई आधीच हातची गेलेली. पण माझं मत विचाराल तर क्लब किचनमधूनच खचला. कमिटीत कोणीतरी हिशोब मांडला की रोस्टमध्ये नफा नाही, नफा बारमध्ये आहे, आणि कात्री लागली. आधी गाजर पार्सनिप फ्रोझन आले. मग ग्रेव्ही पावडरची. मग बटाट्याचा एक प्रकार गेला, उकडलेला, आणि त्यावरून जनरल मीटिंगमध्ये जी भांडणं झाली ती छताच्या गळतीवरूनसुद्धा झाली नव्हती. मग रोस्ट एक रविवार आड. एक रविवार आड म्हणजे म्हाताऱ्या माणसांना आज आहे की नाही हेच कळेना, टॅक्सी करून यायचं आणि किचनला कुलूप, मग एकदा फुकट खेप झालेला माणूस परत येत नाही हो. आणि जेवायला येणारी माणसंच जेवणाआधी एक आणि नंतर दोन प्यायची, ती गेल्यावर बारही बसला.

गिनेसवरून, म्हणजे त्या काळ्या आयरिश बिअरवरून, तर मला आधीच शंका आली होती. तिरप्या ग्लासात पाऊण भरायची, ठेवून द्यायची, खाली बसली की वरून भरायची, हे सगळं बारमधला पोरगा नीट करायचा, पण चवीत आंबूस काहीतरी यायला लागलं. खप असेल तर बॅरल भराभर संपतं आणि पाइपही चालते राहतात, खप नसेल तर तीच बिअर दिवसेंदिवस तिथेच पडून. आजोबांनी एक घोट घेतला, ग्लास बाजूला सरकवला आणि चहा मागवला. मेयोची फायनल चालू होती, त्यामुळे मला आधी वाटलं त्या दुःखात असतील (१९५१ नंतर मेयोने ऑल आयर्लंड गेलिक फुटबॉल (आयरिश प्रकारचं फुटबॉल) जिंकलेलंच नाही, हरायची त्यांना सवय आहे), पण नाही, बिअरच होती.

शेवटी बाईंनी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि परत आल्या नाहीत. ऑपरेशन हे कारण झालं, खरं म्हणजे पावडरची ग्रेव्ही त्यांनी मनावर घेतली होती.

नवीन किचनवाल्याबद्दल वाईट बोलणार नाही, मिक्स ग्रिल उत्तम करतो, तडतडणाऱ्या लोखंडी ताटलीत, कोळशाचा वास आख्ख्या हॉलभर. या भागात देसी पब ही जुनी गोष्ट आहे. बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेदिकच्या फाउंड्र्यांमधल्या (धातू ओतायच्या कारखान्यांमधल्या) पंजाबी कामगारांना एकेकाळी तिथले पब धड बसू देत नव्हते, १९६५ च्या फेब्रुवारीत तर अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स हा भेदभाव बघायला स्वतः तिथे येऊन गेला, आणि नंतर तेच बंद पडायला आलेले पब आपल्या लोकांनी घेऊन चालवले, म्हणून आज ते उघडे तरी आहेत. तेव्हा क्लबाने हा मार्ग धरला यात गैर काही नाही. शुक्रवारी तिशीतली पोरं येतात, गल्ला जमतो. फक्त ती पोरं मेंबर होत नाहीत, पाहुणे म्हणून सही करतात, खातात आणि जातात, आणि रविवारी दुपारी हॉलमध्ये पाचसात म्हातारे कोट न काढता बसलेले असतात कारण हीटर लावत नाहीत.

महिन्यातून एक तरी रविवार रोस्ट सुरू करा असा प्रस्ताव मी लिहून दिलाय, अनुमोदक आजोबा. किचनवाला तयार आहे, बाई शिकवायला यायला तयार आहेत, बसायला खुर्ची द्या म्हणाल्या. पण मोठ्या ओव्हनचा थर्मोस्टॅट गेलाय आणि तो दुरुस्त कोणी करायचा, क्लबाने की भाडेकरूने, यावर कमिटी अडून बसलीये. पुढची मीटिंग मार्चमध्ये.