कपाटातला पट्टेरी दगड

प्रयोगशाळेच्या कपाटात, गंधकाच्या बाटलीला टेकून, एक पट्टेरी दगड असायचा. एक पट्टा पांढरट गुलाबी, एक काळा. आठवीत त्याचं वर्णन लिहायला सांगितलं, तेव्हा मी वहीत ठोकून दिलं, 'गाळाचे थर साचून तयार झालेला खडक.' पट्टे आहेत म्हणजे थरच की! सरांनी त्यापुढे लाल शाईने नुसतं प्रश्नचिन्ह काढलं आणि हातात भिंग दिलं.

काळ्या पट्ट्यात चकचकीत पापुद्रे दिसले. ते बायोटाइट, म्हणजे काळं अभ्रक, नखानेही सुटायचं. अधूनमधून हॉर्नब्लेंड नावाच्या खनिजाच्या काळसर काड्या. फिक्या पट्ट्यात काचेसारखं क्वॉर्ट्झ, म्हणजे आपली गारगोटीच, आणि सपाट बाजूंवर चमकणारं फेल्स्पार नावाचं खनिज. "हीच मंडळी ग्रॅनाइटमध्ये असतात," सर म्हणाले, "पण तिथे कशीही विखुरलेली. इथे त्यांना रांगेत कुणी बसवलं?"

आम्ही गप्प. मग त्यांनी ओल्या मातीत शार्पनरमधली सालं कालवली, गोळा दोन पाट्यांमध्ये दाबला आणि पट्टीने मधोमध कापला. बहुतेक सालं आडवी झाली होती, दाबाच्या काटकोनात. खऱ्या खडकात हे जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल, साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या वर घडतं. खडक वितळत नाही. घन असतानाच त्यातली खनिजं नव्याने वाढतात, दाबाला आडवी पसरतात, काळी आणि फिकी वेगळी होत जातात. मूळ खडक ग्रॅनाइट असेल किंवा खरोखर गाळाचा असेल, पण तेव्हाचे थर आणि आताचे पट्टे एक नव्हेत. माझं उत्तर तिथे फसलं होतं.

या दगडाचं नाव नीस. पुस्तकात 'पट्टिताश्म' होतं, ते म्हणताना अर्ध्या वर्गाची जीभ वळायची नाही. कॅनडातल्या अकास्टा नदीजवळचा नीस सुमारे ४०० कोटी वर्षांचा आहे, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कपाटातल्या दगडाचं वय विचारायचं सुचलंच नाही. सुचलं ते भलतंच: गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो म्हणतात, बघू या का?

प्रयोगशाळेच्या तिसऱ्या खिडकीच्या खालच्या काचेवरची ती आडवी रेघ माझी. काच बदलली नसेल, तर अजून असेल.