गोल कवटीचा घोळ

मुंबईतल्या आरेच्या जंगलाच्या बाजूला एका नाल्यात सापडलेली कवटी माझ्या टेबलावर पोचेपर्यंत तिचा फोटो गोरेगावभर फिरून झाला होता. आधी बोभाटा झाला की लहान मुलाची आहे. मग माकडाची ठरली. शेवटी कुणीतरी ‘बिबट्याचं पिल्लू’ म्हणालं आणि खरी पळापळ सुरू झाली, कारण बिबट्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत येतो.

फोटो एकच, तोही समोरून. गोल कपाळ, समोर बघणाऱ्या डोळ्यांच्या मोठ्या खोबणी, नाकाचा पत्ता नाही. शेजारी मोजपट्टी सोडा, साधं नाणंसुद्धा नाही. लोकांना कवटी म्हटली की तिच्या डोळ्यांत डोळे घालून फोटो काढायचा असतो. कवटी ओळखण्याच्या कामात त्याच फोटोचा सर्वांत कमी उपयोग. वरून, खालून, बाजूने आणि मागून असे चार फोटो हवेत, प्रत्येकात मोजपट्टी हवी, आणि खालचा जबडा मिळाला असेल तर तो वेगळा ठेवून.

आमच्याकडे कवटी आली की ती आधी उलटी करतात. चेहरा फसवतो, तोंडातली टाळू फसवत नाही. इथे पटाशीचे दात एकजात गळलेले होते आणि सुळा एकच शिल्लक होता. त्यात नवल नाही. या दातांना मूळ एकच असतं, त्यामुळे हाड वाळलं की ते अलगद सुटतात. म्हणून दात मोजायचे नाहीत, दातांचे खड्डे मोजायचे. पावसात चिखल भरून खड्डे बुजतात. ते मऊ ब्रश आणि बांबूच्या काडीने मोकळे करायचे, सुईने नाही. सुई हाडात नवी भोकं पाडते. चिखल निघाल्यावर वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूला पटाशीचे तीन खड्डे दिसले. माणूस आणि माकड तिथेच बाद, कारण दोघांनाही दोनच असतात. खोबणीही मागून उघड्या होत्या. माकडाच्या खोबणीला मागे हाडाची भिंत असते, माणसाच्याही. समोरच्या फोटोत ती भिंत आहे की नाही हे कळणार कसं?

बिबट्याचा प्रश्न मागच्या दाढांनी सोडवला. मांसाहारी प्राण्याच्या वरच्या जबड्यात कातरीसारखी चालणारी एक मोठी दाढ असते. मार्जारकुळात तिच्या मागे जेमतेम दिसेल असा एक खुंट असतो, बस. इथे तिच्या मागे दोन रुंद, उंचवट्यांच्या चघळायच्या दाढा, तीन-तीन मुळांवर घट्ट बसलेल्या. म्हणजे श्वानकुळ. बिबट्याचे दात सगळे मिळून ३०, कुत्र्याचे आणि कोल्ह्याचे ४२. दाढा पक्क्या होत्या, दुधाच्या नव्हत्या, म्हणजे पिल्लूही नाही. आणि ३० दात भरले म्हणजे बिबट्याच, असंही नाही. घरच्या मांजराचेही तितकेच. पक्के दात आलेली, हाडांचे सांधे जुळलेली कवटी जेमतेम अर्धी वीत असेल, तर ती मांजर किंवा रानमांजर, बिबट्याचा बछडा नव्हे.

मग श्वानकुळातल्याला नाक का नाही? उत्तर उपदाढांमध्ये, म्हणजे सुळा आणि दाढा यांच्या मधल्या दातांमध्ये. त्या जागेअभावी आडव्या फिरून एकमेकींवर चढल्या होत्या, सहाच्या विरार फास्टमधल्या माणसांसारख्या. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला. जंगलात कुणाचं तोंड असं नसतं. हे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून आखूड केलेलं तोंड आहे. आकार आणि ठेवण पाहता तो पग. आखूड तोंडाच्या जाती मुंबईच्या उकाड्यात धापा टाकत जगतात, तरी आपल्याकडे हौस फिटत नाही. वरच्या जबड्याची ती दाटी एकदा हातात घेऊन बघावी.

अहवालात ‘पाळीव कुत्रा’ लिहून दिलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि फाइल बंद झाली. कवटीच्या मागच्या भागात एक गोल भोक होतं, कडा आत दबलेली. तो सुळ्याचा घाव असू शकतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेचे बिबटे कुत्री खातात हे जगजाहीर आहे, पण भटक्या कुत्र्यांची टोळीही लहान कुत्र्याला फाडते. दोन घाव असते तर त्यांच्यातलं अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजून काही बोलता आलं असतं. भोकासमोरची दुसरी बाजू फुटून गेलेली, त्यामुळे एका भोकावरून कुणाचं नाव घेणार? खोबणीच्या कडेला बारीक, समांतर चरे जोडीजोडीने होते. ते उंदीर-घुशींच्या पटाशीचे, मेल्यानंतरचे. त्यांचा मृत्यूशी संबंध नाही, पण पंचनाम्यात ते ‘शस्त्राचे वार’ म्हणून आले होते!

कवटी कुणीतरी घरी नेऊन ब्लीचमध्ये बुडवली नव्हती, हे नशीब. ब्लीचने हाड भुसभुशीत होतं, उकळल्याने दात तडकतात. शिवाय वन्यप्राण्याची कवटी घरी ठेवणं हा गुन्हा आहे. मेलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता असतो आणि त्याचं काही हाती लागलं तर ४८ तासांत कळवावं लागतं. जागच्या जागी फोटो काढा, ठिकाण नोंदवा आणि वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

तो पग तिथे कसा पोचला, कुणी सोडून दिला की अंगणातून उचलला गेला, याचा रकाना फॉर्ममध्ये नाही. पाळीव कुत्र्याला मायक्रोचिप बसवली असेल तर ती खांद्यांच्या मधे, कातडीखाली असते. कवटीत सापडणार नाही. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि कातडी कुजली तरी मातीत राहते. नाल्याच्या त्या पट्ट्यात उरलेली हाडं शोधून तिथली माती चाळा आणि चिप वाचणारा स्कॅनर फिरवा, असं मी अहवालाखाली लिहिलं होतं. उत्तर आलं, ‘प्राणी वन्य नसल्याने पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही.’