भाव विचारायला बिचकता?

"महागड्या ब्रँडच्या दुकानात शिरताना बिचकायला का होतं हो? आपण काही चोरी करायला आलेलो नसतो!" दुकानदारीवर लिहिते म्हटल्यावर हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारे खिशाने फाटके असतात असंही नाही.

तुम्ही बिचकावं अशीच ती जागा केलेली असते. दारात दरवान, आत ऐसपैस रिकामी जमीन, अख्ख्या फळीवर एकच पर्स, आणि किमतीची चिठ्ठी कुठेतरी आत दडवलेली. भाव कळायला तोंड उघडावं लागतं. तिथेच निम्मे गळतात.

गंमत अशी, की मोठी दुकानं वाढली ती हाच संकोच मोडून. पॅरिसमध्ये 1852 पासून अरिस्तीद बुसिको यांनी 'बाँ मार्शे' हे दुकान नावारूपाला आणलं ते लिहिलेल्या भावावर, माल परत घेण्याच्या हमीवर आणि नुसतं बघून जायच्या मुभेवर. त्याआधी तिथल्या बऱ्याच दुकानांत पाऊल टाकलं की काहीतरी घेऊनच निघावं, अशी अपेक्षा असे. "नुसतं बघतेय" म्हणायची ती सोय उंची ब्रँडांनी हळूच परत काढून घेतली. पाटी कुठेच नाही, पण कळतं.

का, तर माल कोणाच्याही हाती दिसू लागला की त्याचा तोरा उतरतो. बर्बेरी या उंची ब्रिटिश फॅशन ब्रँडने एका वर्षात 2 कोटी 86 लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केल्याचं 2018मध्ये उघड झालं. ओरड झाली, तेव्हा कंपनीने ते बंद केलं. स्वस्तात विकण्यापेक्षा नष्ट करणं परवडतं, हा हिशेब मला आजही संतापजनक वाटतो.

आणि आपणही काही कमी नाही. मॉर्गन वॉर्ड आणि डॅरेन डाल यांच्या 2014च्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना उंची ब्रँडची आस असते, त्यांना तिथल्या विक्रेत्याने तुसडेपणाने वागवलं तर ती वस्तू आणखीच हवीशी वाटते. साध्या दुकानात तसं होत नाही. म्हणजे अपमान झाल्यावर चालतं व्हायचं सोडून आपण लायकी दाखवायला पाकीट काढतो! (ही ओढ पुढे ओसरते. पैसे मात्र गेलेले असतात.)

तेव्हा खुशाल शिरा, भाव विचारा, "बरं" म्हणा आणि निघा. विक्रेत्यावर डूख धरू नका. बहुतेक वेळा त्याच्या पगारातही ती पर्स बसत नाही.